मायंब्याचे मच्छिंद्रनाथ आणि पाटणचे करुणामय : नाथांच्या यात्रा आणि आपण

फाल्गुन लागला की आष्टी, पाटोदा, शिरूर कासार या तालुक्यांतल्या आपल्या तरुणांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक वाद हमखास पेटतो. एक जण लिहितो, नाथांच्या यात्रेला जाणे म्हणजे बावीस प्रतिज्ञांना हरताळ फासणे. दुसरा लगेच युट्यूबचा एखादा व्हिडिओ टाकतो. त्यात सांगितलेले असते की मच्छिंद्रनाथ मूळचे बौद्ध सिद्ध होते, नवनाथ सगळे आपलेच होते, ते आपल्याकडून चोरले गेले. तिसरा काहीच लिहीत नाही आणि घरच्यांना जीपमध्ये बसवून मढीला जाऊन येतो. तिघांचेही मन मी समजू शकते. मात्र हे मच्छिंद्रनाथ कोण, त्यांच्या नावाने काय काय चालते आणि जगात दुसऱ्या ठिकाणी त्यांचे काय झाले, हे तिघांपैकी क्वचितच कोणाला नीट ठाऊक असते. हा लेख त्यासाठी.

आधी आपल्या भागाचा नकाशा डोळ्यांसमोर आणा. अहिल्यानगर आणि बीड जिल्ह्यांच्या सीमेवर गर्भगिरीची डोंगररांग आहे. तिच्या एका अंगाला पाथर्डी तालुक्यातले मढी, तिथे कानिफनाथांची समाधी. दुसऱ्या अंगाला आपल्या आष्टी तालुक्यातले सावरगाव, तिथे डोंगरावर मच्छिंद्रनाथांची समाधी. या ठिकाणाला लोक मायंबा म्हणतात. जालिंदरनाथांचे ठाणे येवलवाडीला. पाटोदा तालुक्यात चिंचोलीला गहिनीनाथांची समाधी, तोच गहिनीनाथगड. म्हणजे नऊ नाथांपैकी तिघांच्या समाध्या बीड जिल्ह्यात आणि चौथ्याची सीमेला लागून आहे. गहिनीनाथ हे निवृत्तिनाथांचे गुरू. ज्ञानेश्वरीच्या शेवटी जी गुरुपरंपरा सांगितली आहे ती आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, ज्ञानदेव अशी आहे. आपल्या जिल्ह्याला मागास म्हणून हिणवणाऱ्यांना हे सांगायला हरकत नाही की मराठी वाङ्मयाची एक मोठी वाट याच डोंगरातून गेली आहे.

यात्रेचा हंगाम होळीपासून गुढीपाडव्यापर्यंत चालतो. होळीला मढीत गोपाळ समाजाच्या मानाच्या होळीने सुरुवात होते, रंगपंचमीला मोठी गर्दी उसळते आणि पाडव्याला समारोप होतो. पैठणहून गोदावरीचे पाणी कावडींनी पायी आणायचे आणि त्याने समाधीला अभिषेक घालायचा, ही पाडव्याची रीत. मायंब्याला फाल्गुन अमावस्येच्या रात्री, म्हणजे पाडव्याच्या आदल्या रात्री, मच्छिंद्रनाथांच्या समाधीला सुगंधी उटण्याचा लेप लावतात. हा विधी वर्षातून एकदाच होतो, म्हणून त्या रात्री डोंगरावर पाय ठेवायला जागा नसते. भाद्रपदात ऋषिपंचमीला प्रकटदिन असतो. श्रावणात गावोगाव नवनाथ भक्तिसाराची पारायणे होतात, त्यात आपल्या वस्तीतलीही काही घरे असतात हे आपण सगळे जाणतो.

ऊसतोडीला गेलेली कुटुंबे साधारण याच सुमाराला परत यायला लागतात. पाच-सहा महिने कोपीत काढलेल्या माणसाला गावी आल्यावर आपली माणसे भेटण्याची जागा म्हणजे ही यात्रा. रेवडी, बांगड्या, लेकरांना पिपाण्या. मी ऊसतोड कुटुंबांत काम करते. यात्रेला जाणाऱ्यांपैकी कितीजण देवासाठी जातात आणि कितीजण भेटीसाठी, याची वेगवेगळी मोजणी करता येणार नाही, हे मला रोज दिसते. आपल्या कार्यकर्त्यांनी भाषण करताना एवढे भान ठेवले तर बाया माना खाली घालून बसणार नाहीत.

मढीच्या यात्रेला ‘भटक्यांची पंढरी’ म्हणतात. गोपाळ, वैदू, कोल्हाटी, तिरमली, बेलदार, कैकाडी, वडार अशा कित्येक समाजांचे लोक इथे जमतात. इथला गाढवांचा बाजार प्रसिद्ध आहे. माती, विटा, दगड वाहणाऱ्यांचे भांडवल म्हणजे गाढव, आणि गुजरातेतून येणाऱ्या काठेवाडी गाढवाला इथे चांगली किंमत मिळते. अठरापगड जातींनी हातांनी दगड वाहून गड बांधला, अशी कथा सांगतात. याच यात्रेत जातपंचायती बसायच्या. लग्ने जुळायची, काडीमोड व्हायचे, दंड ठोठावले जायचे आणि माणसे वाळीतही टाकली जायची. त्याविरुद्ध कार्यकर्त्यांनी, आणि त्या समाजांतल्या तरुणांनीही, बरीच वर्षे झुंज दिली. सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा महाराष्ट्रात २०१६ साली मंजूर झाला आणि २०१७ पासून लागू झाला. त्यामागे मढीसारख्या ठिकाणी बसलेल्या पंचायतींचे अनुभव होते. म्हणून मढीला केवळ ‘अंधश्रद्धेचा बाजार’ म्हणून मोकळे होणे मला पटत नाही. भटक्या-विमुक्तांचा इतका मोठा मेळा दुसरीकडे कुठे भरतो ते सांगा.

नाथांचे नाव घेऊन दारोदार फिरणाऱ्या माणसांचे काय होते, हेही याच ठिकाणी सांगितले पाहिजे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावी पाच जणांना जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर पसरली होती. मेलेले पाचही जण नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, भिक्षा मागायला आले होते. नाथांच्या समाधीवर चांदी चढते आणि नाथांचा झोळीवाला जमावाच्या हातून मरतो, याचा विचार ज्यांनी करायचा ते करत नाहीत.

आता नावांकडे. मायंबा हे नाव कुठून आले? मालू नरहरीचा ‘नवनाथ भक्तिसार’ हा ओवीबद्ध ग्रंथ शके १७४१ म्हणजे इ.स. १८१९ चा. त्याच्या शेवटच्या, चाळिसाव्या अध्यायात एक गोष्ट आहे. औरंगजेबाने या समाध्या कोणाच्या म्हणून विचारले आणि त्यांना मुसलमानी नावे दिली, अशी ती गोष्ट. त्यात जालिंदर झाले जानपीर, गहिनीनाथ झाले गैबीपीर, मच्छिंद्र झाले मायाबा. मढीचे कानिफनाथ हे शाह रमजान या नावानेही पुजले गेले आहेत. गोष्ट खरी की खोटी हा भाग वेगळा. गोष्ट एवढे मात्र नक्की सांगते की १८१९ साली या समाध्यांना दोन-दोन नावे होती, आणि पोथी लिहिणाऱ्याला त्याचा खुलासा करणे भाग पडले. एका समाधीवर गलेफही चढे आणि भगवी वस्त्रेही. लोक आपापल्या नावाने हाक मारत होते आणि भांडत नव्हते, किंवा भांडले तरी पुढच्या वर्षी परत येत होते.

ही दोन नावे आता राजकारणाच्या हाती लागली आहेत. फेब्रुवारी २०२५ मध्ये मढीच्या ग्रामसभेत यात्रेत मुस्लीम व्यापाऱ्यांना दुकाने लावू न देण्याचा ठराव झाला. राज्यभर त्यावर वाद झाला आणि प्रशासनाला लक्ष घालावे लागले. त्याच वर्षी गुढीपाडव्याच्या पहाटे आपल्या गेवराई तालुक्यातल्या अर्धामसला गावी मशिदीत जिलेटिनचा स्फोट झाला. या दोन घटनांचा परस्परांशी थेट संबंध आहे असे मी म्हणत नाही. पण वारा कुठल्या दिशेने वाहतोय ते कळायला एवढे पुरेसे आहे. अशा वाऱ्यात आपले तरुण ‘नाथ मूळचे आमचे’ म्हणत तिसरी पाटी रोवायला निघाले तर ती कोणाच्या उपयोगी पडेल, हे एकदा शांतपणे बघा.

तरीही प्रश्न उरतोच. मच्छिंद्रनाथ बौद्ध होते का?

जे पुरावे आहेत ते समोर ठेवते. मत्स्येंद्राच्या नावावर सगळ्यांत महत्त्वाचा ग्रंथ आहे ‘कौलज्ञाननिर्णय’. नेपाळात सापडलेल्या, अकराव्या शतकातल्या मानल्या जाणाऱ्या हस्तलिखितावरून प्रबोधचंद्र बागची यांनी १९३४ साली तो छापला. तो शैव कौल पंथाचा ग्रंथ आहे, भैरव देवीला ज्ञान सांगतो अशी त्याची मांडणी आहे. काश्मीरचा शैव आचार्य अभिनवगुप्त इसवी सन १००० च्या आसपास ‘तंत्रालोक’ लिहिताना मच्छंद नावाच्या सिद्धाला वंदन करतो. म्हणजे मत्स्येंद्र त्याच्या आधीचा आणि शैवांमध्ये गुरू म्हणून मान्य झालेला. हा पुरावा युट्यूबवर कोणी दाखवत नाही.

दुसरा पुरावा बौद्धांकडचा. तिबेटी परंपरेत चौऱ्याऐंशी सिद्धांची चरित्रे आहेत, ती अभयदत्त नावाच्या पंडिताने सांगितली असे मानतात. त्या यादीत मीनपा आहे, गोरक्ष आहे, चौरंगी आहे, कान्हपा आहे, जालंधर आहे. आपले नाथ तिथे एकापाठोपाठ एक भेटतात. मीनपा कोळी आहे, कामरूपाकडचा. त्याला मासा गिळतो, माशाच्या पोटात असताना महादेव उमेला गुप्त ज्ञान सांगत असतो ते हा ऐकतो. आता आपल्या नवनाथांच्या पोथीतली मच्छिंद्राची जन्मकथा आठवा. तेच मासे, तेच पोट, तेच शिव-पार्वती. ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायातही ही कथा थोडक्यात येऊन जाते. हिमालयापलीकडच्या बौद्ध मठात आणि गोदावरीकाठच्या पारायणात एकच गोष्ट सांगितली जाते.

कान्हपाचे तर याहून पुढचे. १९०७ साली हरप्रसाद शास्त्री यांना नेपाळच्या दरबार ग्रंथालयात जुन्या बंगाली वळणाच्या गीतांचे एक हस्तलिखित मिळाले, १९१६ साली ते छापले गेले. तीच चर्यापदे. ती वज्रयानी बौद्ध सिद्धांची गीते आहेत आणि त्यांत सर्वाधिक गीते कान्हपाच्या नावावर आहेत. एका गीतात तो नगराबाहेर झोपडीत राहणाऱ्या डोंबिणीशी बोलतो, शिवाशिव पाळणाऱ्या ब्राह्मणालाही तिथे टोला आहे. त्याचा गुरू जालंधर, म्हणजे बंगालातला हाडिपा. हाडी ही तिकडची झाडलोट करणारी जात. हाच कान्हपा म्हणजे मढीचे कानिफनाथ, आणि हाच हाडिपा म्हणजे येवलवाडीचे जालिंदरनाथ, असे परंपरा मानते. अभ्यासकांनाही दोघांतला दुवा दिसतो. ऐतिहासिक माणूस तोच की नावच तेवढे प्रवास करत आले, हे सिद्ध करणे अवघड आहे. पण ज्यांच्या नावावर कोळ्याचा, भंग्याचा, डोंबिणीचा शिक्का होता ते गुरू झाले, एवढे बौद्ध, शैव आणि बंगाली लोककथा सगळेच सांगतात.

मराठी पोथीत हे पुसट झाले आहे. मालू नरहरीने नऊ नाथांना नऊ नारायणांचे अवतार करून टाकले. मच्छिंद्र कविनारायणाचा अवतार, गोरक्ष हरिनारायणाचा. कोळी उरला तो फक्त त्याला वाढवणारा बाप म्हणून. बुद्धाला विष्णूचा अवतार करण्याची जी युक्ती, तिचाच हा धाकटा भाऊ. बाबासाहेबांनी पाचव्या प्रतिज्ञेत जे नाकारायला लावले त्याचा दुसरा नमुना आपल्या घरातल्या पोथीत आहे. तो दाखवून दिला तर आजीलाही पटतो. मी हे करून बघितले आहे. प्रतिज्ञा तोंडावर फेकण्यापेक्षा ते बरे.

महाराष्ट्रात बौद्ध आणि नाथ या दोन परंपरा एकाच जागी एकापाठोपाठ नांदल्याचा दगडी पुरावाही आहे. दापोली तालुक्यातल्या पन्हाळेकाजी इथे २९ लेणी आहेत. भारतीय पुरातत्त्व विभागाचे म. न. देशपांडे यांनी त्यांचा अभ्यास केला, त्यांचे पुस्तक १९८६ साली निघाले. सुरुवातीची लेणी थेरवादी भिक्खूंची, पुढे दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास तिथे वज्रयानी बौद्धांचे केंद्र झाले, अक्षोभ्य आणि महाचंडरोषण यांच्या मूर्ती आहेत. मग शैव आले आणि त्यानंतर नाथपंथी. गौर लेणे म्हणतात त्या लेण्यात चौऱ्याऐंशी सिद्ध कोरलेले आहेत. बौद्धांच्या जागेत नाथ येऊन बसले. जबरदस्तीने आले, रिकाम्या जागेत आले की तिथलेच साधक हळूहळू नाथ म्हणवू लागले, हे दगड सांगत नाही. अजिंठ्याची सहल आपण दरवर्षी काढतो, एकदा पन्हाळेकाजीची काढा.

आता नेपाळकडे जाऊ, कारण तिथे मच्छिंद्रनाथ खरोखरच बौद्ध आहेत.

काठमांडू खोऱ्यात पाटण म्हणजे ललितपूर नावाचे शहर आहे. तिथला सर्वांत मोठा उत्सव म्हणजे रातो मच्छिंद्रनाथाची जात्रा. रातो म्हणजे लाल. या देवाला नेवार लोक बुंग द्यः म्हणतात, बौद्ध लोक करुणामय किंवा पद्मपाणी लोकेश्वर म्हणतात. पद्मपाणी म्हणजे अवलोकितेश्वर. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात हातात कमळ घेतलेले जे जगप्रसिद्ध चित्र आहे तेच हे बोधिसत्त्व. औरंगाबाद लेण्यांमध्ये सातव्या लेण्याच्या दाराशेजारी वाघ, साप, आग, चोर अशा संकटांतून माणसांना सोडवताना कोरले आहे तेही हेच. म्हणजे मायंब्याला ज्या नावाने नारळ फुटतो त्याच नावाने पाटणला अवलोकितेश्वराचा रथ ओढला जातो.

जात्रा वैशाखात सुरू होते. पुलचोकला लाकूड, बांबू आणि वेत यांचा साठेक फूट उंच रथ उभारतात. वेतानेच सगळी बांधणी होते. तो शहरातून दिवस-दिवस ओढत नेतात. रथ मध्येच कलतो, अडतो, कधी पडतोही, आणि पडला की देशावर संकट येणार असे मानतात. सोबत मीननाथाचा छोटा रथ असतो. आपल्या पोथीत मीननाथ हा स्त्रीराज्यात झालेला मच्छिंद्राचा मुलगा, तिथे तो वेगळाच देव आहे. देव सहा महिने पाटणला आणि सहा महिने बुंगमती गावी राहतो. दर बारा वर्षांनी रथ बुंगमतीहून ओढत आणायचा असतो. २०१५ हे तसेच वर्ष होते. एप्रिलमध्ये भूकंप झाला, बुंगमतीचे मंदिर कोसळले, रथ वाटेतच थांबला. सप्टेंबर २०२० मध्ये कोविडच्या बंदीत लोकांनी रथ ओढायचा प्रयत्न केला तेव्हा पोलिसांनी अश्रुधूर आणि पाण्याचे फवारे वापरले.

या जात्रेमागची कथा दुष्काळाची आहे, म्हणून बीडच्या माणसाला ती जवळची वाटेल. गोरखनाथ नऊ नागांवर आसन घालून बसला, त्यामुळे बारा वर्षे पाऊस पडला नाही. तो उठायचा कसा? त्याचे गुरू मच्छिंद्र आले तरच तो उठून नमस्कार करील. मग राजा नरेंद्रदेव, बंधुदत्त नावाचा बौद्ध तांत्रिक आचार्य आणि ललित नावाचा शेतकरी असे तिघे कामरूपाला गेले आणि देवाला घेऊन आले. गोरख उठला, नाग सुटले, पाऊस आला. राजा, आचार्य आणि शेतकरी अशी ही त्रयी. अशा कथेत शेतकऱ्याला बरोबरीची जागा मिळालेली मला तरी दुसरीकडे आढळली नाही.

पण इथेही सावध राहावे लागते. १०१५ सालचे प्रज्ञापारमितेचे एक चित्रांकित हस्तलिखित केंब्रिजमध्ये आहे. त्यात या देवाचे चित्र आहे आणि खाली नाव आहे नेपाळचा बुगम लोकेश्वर. मच्छिंद्र हे नाव त्यात नाही. अवलोकितेश्वराला मच्छिंद्रनाथ म्हणणे पुढे, मल्ल राजांच्या काळात रुळले असे अभ्यासक मानतात. जॉन लॉक या जेझुइट अभ्यासकाने ‘करुणामय’ या १९८० च्या ग्रंथात हे सविस्तर मांडले आहे. म्हणजे तिथे उलटे झाले. मच्छिंद्र बौद्ध होता आणि तो हिंदू झाला असे नाही. बुंगमतीचा लोकेश्वर आधीचा, आणि नाथांचा प्रभाव वाढल्यावर त्याला मच्छिंद्राचे नाव चिकटले. जो व्हिडिओ नेपाळचा रथ दाखवून मायंब्याचे मूळ बौद्ध ठरवतो तो इथे आपटतो.

नेपाळचे गोडवे गाताना आपल्या मुलांनी आणखी एक गोष्ट विसरू नये. नेवार बौद्धांमध्ये जात आहे. या देवाचे पुजारी वज्राचार्य आणि शाक्य घराण्यांतले, जन्माने ठरलेले. विहारांना ते बाहा म्हणतात, तिथे दीक्षाही वंशपरंपरेने मिळते. झाडलोट करणाऱ्या पोडे, च्यामे या जातींना याच शहरात शतकानुशतके अस्पृश्य मानले गेले. देव बौद्ध असला म्हणून समाज समतेचा होत नाही. बाबासाहेबांनी आपल्याला बोधिसत्त्वाची मूर्ती दिली असती आणि बावीस प्रतिज्ञा दिल्या नसत्या तर आपणही अशाच एखाद्या रथाचे दोर ओढत बसलो असतो, असे कधी कधी वाटते.

एकच देव दोन-तीन धर्मांनी वाटून घेणे ही फक्त आपली गोष्ट नाही. चीनमध्ये ग्वान यू नावाचा सेनापती होता, तिसऱ्या शतकाच्या उंबरठ्यावर तो मारला गेला. ताओ धर्माने त्याला देव केले, सम्राटांनी पदव्या वाढवत नेल्या. चिनी पंचांगाच्या सहाव्या महिन्यात चोविसाव्या दिवशी त्याचा जन्मदिवस साजरा होतो. बौद्धांनी सांगितले की तो मेल्यावर झियी नावाच्या आचार्याच्या उपदेशाने शरण आला आणि संघारामाचा रक्षक झाला. चिनी विहारात त्याची लाल चेहऱ्याची मूर्ती म्हणून दिसते. मुंबईत माझगावला चिनी लोकांचे छोटे मंदिर आहे, १९१९ चे. खाली ग्वान यिन, म्हणजे पुन्हा आपला अवलोकितेश्वरच, आणि वरच्या मजल्यावर ग्वान यू. चिनी नववर्षाला तिथे उदबत्त्या लावायला माणसे येतात. त्यांना खालचा देव बौद्ध आणि वरचा ताओवादी असा हिशेब कोणी विचारत नाही. १९६२ च्या युद्धानंतर मात्र देशभरातल्या चिनी वंशाच्या हजारो लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत डांबले गेले. माणसे कोणत्या देवाची आणि कोणत्या देशाची, हा हिशेब सरकारने मांडला तेव्हा त्यांची दुकाने गेली, घरे गेली.

मग ‘नाथ आपले की त्यांचे’ याचे उत्तर काय? माझे मत सांगते. वज्रयानी सिद्ध आणि नाथ हे एकाच काळात, एकाच बाजारात फिरणारे साधक होते. गुरू, कथा, शब्द, योगाच्या रीती त्यांनी एकमेकांकडून घेतल्या. शून्य, सहज, अवधूत हे शब्द दोघांकडेही आहेत. जातीचा अभिमान दोघांनीही झिडकारला, निदान सुरुवातीला. याला देवाणघेवाण म्हणतात, चोरी नव्हे. रा. चिं. ढेरे यांचा ‘नाथ संप्रदायाचा इतिहास’ जुना असला तरी आजही वाचण्यासारखा आहे. तालुक्याच्या वाचनालयात नसेल तर मागणी नोंदवा.

कोणी म्हणेल, बाबासाहेबांनीच पंढरपूरची मूर्ती बुद्धाची असल्याचे म्हटले होते. हो, २५ डिसेंबर १९५४ ला देहूरोडला बुद्धमूर्तीची स्थापना करताना ते तसे म्हणाले होते आणि त्यावर पुस्तक लिहिण्याचा विचारही बोलून दाखवला होता. लिहून पुरावे मांडायचे, ही त्यांची पद्धत. दोन वर्षांत ते गेले, ते काम राहिले. त्यांचे अर्धे वाक्य घेऊन आपण प्रत्येक देवळावर पाटी लावत सुटलो तर त्यांच्या पद्धतीला बट्टा लागतो. पुढे दीक्षा घेतली तेव्हा पंढरपूर परत मिळवा असे त्यांनी सांगितले नाही. धम्म आचरा असे सांगितले.

राहिला प्रश्न जाण्या-न जाण्याचा. नवस, कौल, अंगात येणे, गळ्यात गंडा, यांना आपल्या घरात जागा नाही, यात माझ्या मनात शंका नाही. वर्गणीचा विषय निघतो तेव्हा पूजेसाठी देणार नाही हे सरळ सांगावे, आणि त्यावरून कोणी दमदाटी केली किंवा वस्तीवर बहिष्काराची भाषा केली तर २०१६ च्या कायद्याखाली तक्रार करता येते, ॲट्रॉसिटीचा कायदा आहेच. दोन्ही वेळा तारीख, वेळ, साक्षीदार लिहून ठेवा. फोनवरच्या रेकॉर्डिंगची प्रत दुसऱ्या कोणाकडे द्या.

आणि यात्रेत आपले काम नाही असेही समजू नका. फाल्गुन-चैत्राच्या उन्हात डोंगर चढणाऱ्यांना पाणी लागते. ऊसतोडीहून आलेल्या बायांचे हिमोग्लोबिन तपासायला, मुलांच्या शाळाप्रवेशाची माहिती द्यायला, ई-श्रमची नोंद करायला यापेक्षा चांगली जागा नाही. पाल टाकून राहिलेल्या भटक्या कुटुंबांकडे जातीचा दाखला नसतो, कारण १९६१ पूर्वीचा पुरावा मागितला जातो आणि पालावर जन्मलेल्याकडे तो कुठून असणार. अशा कुटुंबांची यादी यात्रेच्या पाच दिवसांत जेवढी होते तेवढी वर्षभर गावोगाव हिंडून होत नाही. टेबलावर बाबासाहेबांचा फोटो ठेवा, बॅनरवर निळा रंग असू द्या, कोणी हटकत नाही. मुस्लीम बांगडीवाल्याचे दुकान कोणी उठवायला आले तर शेजारी जाऊन उभे राहा, फोन काढा आणि ११२ लावा.

यंदा वैशाखात ज्यांना शक्य आहे त्यांनी पाटणची जात्रा पाहून यावी. गोरखपूरपर्यंत रेल्वे, पुढे सोनौलीहून बस. शेवटच्या दिवशी जावलाखेलला भोटो जात्रा असते. भोटो म्हणजे रत्ने जडवलेली बंडी. नागराणीचे डोळे बरे केले म्हणून ती एका शेतकऱ्याला बक्षीस मिळाली आणि मग चोरीला गेली. जात्रेच्या गर्दीत शेतकऱ्याला ती एका भुताच्या अंगात दिसली. दोघेही म्हणू लागले माझी, आणि पुरावा कोणाकडेच नव्हता. म्हणून खरा मालक पुरावा घेऊन येईपर्यंत ती देवापाशी ठेवायची असे ठरले. पूर्वी राजा आणि आता राष्ट्रपती समोर बसलेले असतात. रथाच्या चारी बाजूंनी ती बंडी उंच धरून लोकांना दाखवतात आणि पुन्हा पेटीत ठेवतात.